मुलांकडे अमेरिकेला जाताय? गवताळ मुलखाची सहल अशी आखा

मार्च महिना उजाडला की आमच्या दवाखान्यात एक निराळीच गर्दी सुरू होते. ताप-खोकल्याची नव्हे, अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांची. कुणाची मुलगी न्यू जर्सीला, कुणाचा मुलगा टेक्ससला. ‘डॉक्टर, मुक्कामभर पुरतील एवढ्या गोळ्या लिहून द्या’ एवढीच बहुतेकांची मागणी असते. गोळ्या लिहून घेतल्या, रक्तदाब मोजून घेतला, की मंडळी बॅगा भरायला मोकळी.

गेल्या आठवड्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आपल्या पत्नीसह आले. सरांना बारा वर्षांपासून मधुमेह, वहिनींना रक्तदाब. मुलगा मिनिआपोलिस शहरात नोकरीला आहे. जुलै महिन्यात आईवडिलांना मोटारीने साउथ डाकोटा राज्यात न्यायचे असा त्याचा बेत आहे. चार दिवसांच्या सहलीचा कागद त्याने पाठवला होता. सरांनी तो हौसेने माझ्यापुढे ठेवला. कागदावर मोटेलची नावे होती, तिकिटांचे दर होते, फोटो कुठे चांगले येतात तेही होते. सरांनी विचारले, ‘तिकडे काही साथबीथ आहे का हो?’ मी म्हटले, ‘साथ नाही सर, पण या कागदावर दवाखाना कुठे दिसत नाही.’

सर हसले. त्यांना वाटले मी थट्टा करतो आहे. पण मी थट्टा करत नव्हतो. त्याला कारण आहे, आणि ते पुढे सांगणारच आहे.

किती दूर म्हणजे किती?

अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती आणि चकचकीत इस्पितळे येतात. पण त्या देशाच्या मध्यावर उत्तर-दक्षिण पसरलेला गवताळ प्रदेशाचा एक प्रचंड पट्टा आहे. नॉर्थ डाकोटा, साउथ डाकोटा, नेब्रास्का, कॅन्सस ही राज्ये त्या पट्ट्यातली. साउथ डाकोटाचे क्षेत्रफळ सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ दोन तृतीयांश. आणि लोकसंख्या? २०२० च्या जनगणनेत ८ लाख ८६ हजार ६६७. आपल्याकडे २०११ साली दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसे होती. तिकडे पाचसुद्धा भरत नाहीत.

त्यातली बरीच माणसे पूर्वेच्या सू फॉल्स शहरात (सुमारे १ लाख ९२ हजार) आणि पश्चिमेच्या रॅपिड सिटीत (सुमारे ७५ हजार) राहतात. या दोन शहरांमध्ये इंटरस्टेट ९० नावाचा महामार्ग साधारण साडेपाचशे किलोमीटर सरळ धावतो. वाटेत मिचेल, चेंबरलेन, मर्डो, वॉल अशी गावे लागतात. एका गावापासून दुसरे गाव शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. मध्ये गवत, गुरे, मका, सूर्यफूल आणि आभाळ. तेथे या महामार्गावर ताशी ८० मैलांपर्यंत, म्हणजे जवळपास १३० किलोमीटर वेगाने गाडी हाकण्यास परवानगी आहे. म्हणून अंतर घड्याळात फारसे जाणवत नाही. प्रकृती बिघडली की मात्र ते एकदम जाणवते.

मोठी इस्पितळे आहेत ती या दोन टोकांच्या शहरांत. मधल्या गावांत आहेत ती पंचवीस खाटांपर्यंतची छोटी ग्रामीण रुग्णालये. तिथे उपचार चांगले होतात, पण हृदयविकाराचा मोठा झटका किंवा पक्षाघात असेल तर रुग्णाला पुढे मोठ्या शहरात, पुष्कळदा हेलिकॉप्टर किंवा विमानाने हलवतात. आपल्या तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून पुण्या-मुंबईला ‘हलवा’ म्हणतात तसेच. गरिबी आणि श्रीमंती यांत फरक असेल, अंतराला त्याचे काही नसते.

माझी चूक

आता माझे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता मुलीकडे गेलो होतो. जावयाने याच रस्त्याने सहल काढली. सकाळी सू फॉल्सहून निघालो. सौभाग्यवतींना रक्तदाबासाठी जी गोळी चालू होती तिच्यात लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर टाकणारे औषधही होते. मीच ती लिहून दिलेली. वाटेत जावई दर तासाला विचारी, ‘आई, पाणी?’ आणि दर वेळी उत्तर येई, ‘नको, तहान नाही.’ खरी गोष्ट अशी की वाटेत जायला लागू नये म्हणून तिने सकाळपासून घोटभरच पाणी घेतले होते. गाडीत वातानुकूलन, त्यामुळे घाम आलेला कळत नाही. दुपारी दोनच्या सुमाराला आम्ही बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानात उतरलो.

हे बॅडलँड्स म्हणजे वाऱ्या-पावसाने कोरून काढलेले मातीच्या सुळक्यांचे रान. गुलाबी, पिवळे, राखाडी पट्टे एकावर एक. पाहावे तेवढे थोडे. पण झाडाची सावली जवळजवळ नाही आणि वारा असा कोरडा की ओठ लगेच सुकतात. उन्हाळ्यात पारा कधीकधी १०० अंश फॅरनहाइटच्या वर जातो. (आपण फॅरनहाइट वापरतो ते फक्त तापाला. तिथे हवेलाच १०० ताप असतो!) दहा पावले चालल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, ‘सगळं पिवळं पिवळं दिसतंय,’ आणि मटकन खाली बसल्या. नाडी बारीक आणि वेगात होती, तळहात गार पडले होते. पंचवीस वर्षे लोकांना ‘पाणी प्या’ सांगणारा डॉक्टर शेजारीच उभा होता आणि त्याला पत्ता नव्हता.

गाडीच्या सावलीत आडवे केले, पाय उंच केले, पिशवीतले ओआरएस थोडे थोडे पाजले. वीस-पंचवीस मिनिटांत रंग परतला. मात्र ती वीस मिनिटे मी मनात एकच हिशेब करीत होतो. समजा, हे साधे पाणी कमी झाल्याचे नसून हृदयाचे असते तर? फोनवर सिग्नलची एकही दांडी नव्हती. जवळचे इस्पितळ कुठे, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हते.

तिथून थोड्या अंतरावर वॉल नावाचे गाव आहे. वस्ती सुमारे सातशे. या गावात १९३१ साली टेड हस्टेड नावाच्या तरुण औषधविक्रेत्याने एक दुकान विकत घेतले. मंदीचे आणि अवर्षणाचे दिवस, गिऱ्हाईक नाही. १९३६ च्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी डोरोथी यांना कल्पना सुचली, की माळरानातून तापून येणाऱ्या प्रवाशांना काय हवे असते? थंड पाणी. रस्त्यावर पाट्या लावल्या, ‘बर्फाचे पाणी फुकट.’ पाटी लावून टेड परत येतात तो दुकानात माणसे शिरलेली! आज ते ‘वॉल ड्रग’ म्हणजे अख्खी बाजारपेठ झाली आहे, पण बर्फाचे पाणी अजून फुकट आहे. औषधाच्या दुकानाची भरभराट पाण्याने झाल्याचे माझ्या माहितीतले हे एकच उदाहरण. सौभाग्यवतींनी तिथे बसून चार पेले पाणी प्याले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की ते इथे लिहिण्यासारखे नाही.

पाणी आणि स्वच्छतागृह

म्हणून सरांच्या कागदावर मी पहिली दुरुस्ती केली ती पाण्याची. गाडीत माणशी तीन लिटर पाणी हवेच. तहान लागण्याची वाट पाहू नये. साठी ओलांडल्यावर तहानेची जाणीवच मंदावते. लघवी गडद पिवळी होऊ लागली की पाणी कमी पडते आहे असे समजावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी मात्र निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून प्रमाण ठरवून घ्यावे. लघवीची गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यायची हेही विचारून घ्यावे. स्वतःच्या मनाने बंद करू नये.

आपल्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. एस.टी.च्या प्रवासाने त्यांना ही सवय लावली, आणि तो दोष त्यांचा नाही. पण त्यापायी चक्कर, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ ही दुखणी घेऊन त्या परत येतात. अमेरिकेच्या महामार्गावर ठराविक अंतराने ‘रेस्ट एरिया’ असतात. तिथली स्वच्छतागृहे स्वच्छ असतात आणि पैसे पडत नाहीत. चेंबरलेनजवळचा रेस्ट एरिया तर मुद्दाम थांबण्यासारखा. खाली मिसूरी नदीचे रुंद पात्र आणि वर २०१६ साली उभारलेला, सुमारे पन्नास फूट उंचीचा, गोधडी पांघरलेल्या आदिवासी स्त्रीचा पोलादी पुतळा. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवायचीच, लागो वा न लागो, असा नियम करावा. म्हणजे ‘माझ्यामुळे सगळ्यांना थांबावे लागते’ हा संकोचच उरत नाही.

या थांब्यांचा दुसराही फायदा आहे. विमानाच्या पंधरा-वीस तासांच्या आणि त्यामागोमाग मोटारीच्या प्रवासात पाय लोंबकळत राहिल्याने पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. पोटऱ्या आवळा-सोडा, घोटे फिरवा, उतरून पाच मिनिटे चाला. एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखू लागली, किंवा अचानक धाप लागली तर ते ‘प्रवासाचा शीण’ म्हणून अंगावर काढू नये. अमेरिकेत उतरल्यावर निदान एक आठवडा घरी राहून, झोप जागेवर आल्यावरच अशा सहलीला निघावे हे उत्तम.

मिनिआपोलिस ते रॅपिड सिटी हे अंतर साधारण नऊशे किलोमीटर आहे. सरांच्या चिरंजीवांनी ते एका दिवसात गाठायचे ठरवले होते! तरुण माणसाला ते जमते. मी म्हटले, पहिला मुक्काम सू फॉल्स किंवा मिचेलला करा. मिचेलला मक्याच्या कणसांनी बाहेरून मढवलेला ‘कॉर्न पॅलेस’ आहे. शेतकऱ्याच्या मुलाला तो आवडेल.

घड्याळ आणि मधुमेह

मर्डो गाव मागे टाकल्यावर थोड्याच वेळात घड्याळ एक तास मागे जाते. एकाच राज्यात दोन वेळा! उन्हाळ्यात पूर्वेकडचा भाग आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, तर पश्चिमेकडचा साडेअकरा. निरोगी माणसाला याची गंमत वाटते. इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची मात्र फसगत होऊ शकते. घड्याळ ‘बारा’ दाखवते, पोट ‘एक’ म्हणत असते, आणि पुढचे गाव शंभर किलोमीटरवर असते. गोळी पोटात आणि जेवण रस्त्यावर, अशी स्थिती आली की साखर खाली जाते. घाम, थरथर, छातीत धडधड, विनाकारण चिडचिड ही त्याची लक्षणे. गाडीत सर एकाएकी रागावले, तर वहिनींनी वाद न घालता आधी साखर द्यावी!

तीन-चार चमचे ग्लुकोज किंवा साध्या साखरेचे पाणी लगेच द्यावे. पंधरा मिनिटांनी साखर तपासावी. बरे वाटल्यावर शेंगदाण्याची चिक्की, बिस्किटे असे काही खावे. नुसत्या चिक्कीवर भिस्त ठेवू नये, कारण शेंगदाण्यातील स्निग्धांशामुळे तिची साखर रक्तात सावकाश उतरते. इन्शुलिन आणि साखर तपासण्याच्या पट्ट्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नयेत. बंद गाडीची तासाभरात भट्टी होते. इन्शुलिन बर्फालाही चिकटवून ठेवू नये, गोठले तर ते निकामी होते. मोटेलच्या खोलीत छोटा फ्रीज असतो, त्याच्या बर्फाच्या कप्प्यापासूनही ते दूर ठेवावे.

औषधांची पिशवी

औषधे सामानाच्या बॅगेत नव्हे, हातातल्या पिशवीत. पाकिटे मूळची ठेवावीत. गोळ्या काढून एकाच डबीत भरण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती प्रवासात नको. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, टाइप केलेली, आणि त्यात औषधाचे बाजारी नाव न लिहिता मूळ रासायनिक नाव असावे. आपल्या बाजारी नावांवरून तिथल्या डॉक्टरला काहीच उमगत नाही. आपली पॅरासिटामॉल तिकडे ‘अ‍ॅसिटामिनोफेन’ नावाने मिळते, दुकानात ‘टायलेनॉल’ म्हणून विचारावे. आपल्याकडे अंगदुखीला सर्रास घेतली जाणारी निमेसुलाइड तिथे मिळत नाही. मूळ औषधे स्वतःपुरती, सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या प्रमाणात नेणे ठीक मानले जाते. मुक्काम जास्त असेल तर पुढची सोय मुलांना आधीच पाहायला सांगावी, कारण बहुतेक औषधे तिथल्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दुकानदार देत नाही. ‘दोन गोळ्या द्या, मग चिठ्ठी आणतो’ हे तिथे चालत नाही.

एका कागदावर आपले आजार, चालू औषधे, कशाची अ‍ॅलर्जी आहे, रक्तगट, आणि जुना ईसीजी असल्यास त्याची प्रत, असे एकत्र करून पिशवीत ठेवावे. चष्म्याची दुसरी जोडी विसरू नये.

आणीबाणी आल्यास ९११ हा क्रमांक. पण आपण कुठे आहोत हे सांगायचे कसे? रस्त्याच्या कडेला मैलांचे आकडे लिहिलेले छोटे हिरवे खांब असतात. साउथ डाकोटात इंटरस्टेट ९० वर हे मैल पश्चिमेच्या वायोमिंग सीमेपासून मोजतात, आणि बाहेर पडण्याच्या फाट्यांचे क्रमांकही त्यांनाच धरून असतात. वॉलचा फाटा ११०, म्हणजे सीमेपासून ११० मैल. रस्त्याचे नाव, पूर्वेकडे चाललो की पश्चिमेकडे, आणि मैलाचा आकडा एवढे सांगितले की रुग्णवाहिका नेमकी येते. निळ्या पाटीवर पांढरा इंग्रजी ‘एच’ दिसला की जवळ इस्पितळ आहे असे समजावे. मागच्या सीटवर बसणाऱ्या मागच्या पिढीला या खुणा वाचायचे काम द्यावे. डुलकीही लागत नाही.

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असे झाल्यास ‘गॅस असेल’ म्हणून पुढच्या गावापर्यंत ढकलू नये. गाडी बाजूला घेऊन ९११ लावावा, आणि ते सांगतील त्याप्रमाणे, अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर, अ‍ॅस्पिरीन चघळावी.

विम्याबद्दल थोडक्यात. अमेरिकेतील आपत्कालीन विभागाने, पैसे असोत वा नसोत, रुग्णाला तपासून स्थिर करायलाच हवे असा १९८६ सालचा कायदा आहे. पण बिल नंतर येतेच, आणि विमान-रुग्णवाहिकेचे बिल हजारो डॉलरांत जाते. म्हणून प्रवासाचा विमा घेताना मधुमेह, रक्तदाब लपवू नये. आधीपासूनच्या आजाराचा अचानक उद्भवलेला त्रास आणि एका इस्पितळातून दुसरीकडे हलवण्याचा खर्च, या दोन्ही गोष्टी पॉलिसीत आहेत का ते नीट वाचावे. स्वस्त पॉलिसीत प्रत्येक उपचाराला ठराविक रक्कम बांधलेली असते, ती तिथल्या दरांपुढे किस झाडकी पत्ती!

खाणे

हा मुलूख गुरे पाळणाऱ्यांचा. तळलेल्या मांसाच्या तुकड्यांचा ‘चिसलिक’ हा पदार्थ तर २०१८ पासून राज्याने अधिकृत खाऊ म्हणून मिरवला आहे. शाकाहारी माणसाने उपाशी राहण्याचे कारण नाही, पण ‘भाज्यांचे सूप’ गोमांसाच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेले असू शकते, आणि उसळीसारख्या दिसणाऱ्या घेवड्यात डुकराची चरबी असू शकते. विचारून घ्यावे; विचारलेले तिथे कुणी वाईट मानत नाही. सगळ्यात बरे म्हणजे मोठ्या गावातील किराणा दुकानातून दही, केळी, सफरचंद, पाव, शेंगदाणे, काकडी घेऊन ठेवावी. अमेरिकेतील मोटेलांचा मोठा हिस्सा गुजराती मंडळी चालवतात. एखाद्या वेळी काउंटरवर पटेल भेटले, तर गरम पाण्याची सोय नक्की होईल.

रक्तदाबाच्या रुग्णांनी डबाबंद सूप, चिप्स, लोणचे यांतील मीठ लक्षात घ्यावे. आणि मधुमेहींनी पेला रिकामा झाला की फुकट भरून मिळणाऱ्या गोड पेयांपासून सावध असावे. फुकट म्हणून आपण तिथेच चुकतो.

गवतातले सोबती

बॅडलँड्समध्ये आणि ब्लॅक हिल्सच्या कस्टर उद्यानात गवे, म्हणजे बायसन, मोकळे हिंडतात. दिसायला आपल्या म्हशीसारखे संथ. पण नर नऊशे किलोपर्यंत भरतो आणि ताशी पन्नास किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो. निदान शंभर यार्ड दूर राहावे. नातवाला पुढे उभे करून फोटो काढण्याचा मोह आवरावा.

खडकांत विषारी खुळखुळ्या साप असतो. आपले सर्पदंशावरचे औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्यासाठी आहे, ते इथे उपयोगाचे नाही. तिथल्या इस्पितळात त्या सापावरचे निराळे औषध मिळते. प्रथमोपचार मात्र तेच. चिरायचे नाही, आवळून बांधायचे नाही, चावलेला भाग हलवायचा नाही, आणि ९११.

सापापेक्षा लहान प्राण्यांची मला जास्त काळजी वाटते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला उंच गवतात गोचिडी असतात. आपल्या सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाने गोचिडीची ओळख करून दिलीच आहे. तिकडचे रोग वेगळे, काळजी तीच. पूर्ण बाह्यांचा सदरा, पँट मोज्यात खोचलेली, संध्याकाळी अंग तपासणे. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल, तेल, पेटती काडी यांपैकी काहीही नको. नंतर दोन आठवड्यांत ताप किंवा पुरळ आले, तर गोचीड चावल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. डासांपासून ‘वेस्ट नाइल’ हा विषाणू पसरतो. डाकोटातील दोन्ही राज्यांत त्याचे प्रमाण अमेरिकेत बरेच वरचे आहे. बहुतेकांना काही होत नाही, पाचांत एकाला ताप येतो, दीडशेत साधारण एकाला मेंदूपर्यंत त्रास होतो, आणि त्यात साठीच्या पुढची माणसे अधिक. जुलै-ऑगस्टमध्ये तिन्हीसांजेला बाहेर बसायचे तर डास पळवणारे मलम लावूनच.

आभाळ

या मुलखात आभाळ हाही एक आजारच समजावा. २२ जानेवारी १९४३ रोजी स्पिअरफिश गावात सकाळी साडेसातला उणे २० अंश सेल्सिअस तापमान होते, आणि दोन मिनिटांनी अधिक ७! व्हिव्हियन गावी २३ जुलै २०१० रोजी पडलेली गार आठ इंच रुंद भरली. २४ जून २००३ या एका दिवसात राज्यात ६७ चक्रीवादळी भोवरे उठले. घाबरण्याचे कारण नाही, ऐकण्याचे आहे. ‘टॉर्नेडो वॉच’ म्हणजे तसे हवामान आहे, आणि ‘वॉर्निंग’ म्हणजे भोवरा दिसला आहे, ताबडतोब पक्क्या इमारतीच्या तळघरात किंवा खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत जा. पुलाखाली थांबू नये. जून ते सप्टेंबर हाच काळ सहलीला बरा. त्यातही ऑगस्टच्या सुरुवातीला स्टर्जिस गावी मोटारसायकलवाल्यांचा मोठा मेळा भरतो, तेव्हा खोल्या मिळत नाहीत आणि रस्तेही भरलेले असतात.

माउंट रशमोर पाहताना चार राष्ट्राध्यक्षांचे साठ फुटी चेहरे दिसतात. १९२७ ते १९४१ अशी चौदा वर्षे ते काम चालले. पण ज्या ब्लॅक हिल्समध्ये ते कोरले, तो डोंगर लाकोटा आदिवासींचे पवित्र स्थान. १८६८ च्या तहाने तो त्यांना दिला होता. सोने सापडल्यावर १८७७ साली काढून घेतला. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मान्य केली, ती त्यांनी आजवर घेतलेली नाही. त्यांना डोंगर हवा आहे. बॅडलँड्सचा दक्षिण भाग त्यांच्याच पाइन रिज राखीव प्रदेशात येतो. तिथल्या ओग्लाला लाकोटा काउंटीचे सरासरी आयुर्मान २०१४ साली ६६.८ वर्षे, म्हणजे सबंध अमेरिकेत सर्वांत कमी होते. प्रवासी चार दिवसांसाठी दवाखान्याचे अंतर मोजतो. तिथली माणसे ते जन्मभर मोजतात. आरोग्याच्या सदरात हे सांगितल्यावाचून राहवले नाही. असो.

सरांचा कागद आम्ही मिळून पुन्हा लिहिला. चार दिवसांचे सहा दिवस झाले. प्रत्येक मुक्कामासमोर जवळच्या इस्पितळाचे गाव आले, जेवणाच्या वेळा आल्या, दर दीड तासाला थांबा आला. सर खुशीत उठले. वहिनी एवढा वेळ गप्प बसून होत्या. दारापाशी जाऊन त्या परत वळल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, ‘भाऊजी, एक विचारू? तिथल्या संडासात पाणी असतं का हो?’

पंचवीस वर्षांच्या वैद्यकीत मला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. बायका पाणी का पीत नाहीत याचे निम्मे उत्तर त्यात होते. मी सांगितले, ‘हात धुवायच्या बेसिनला असतं, आतमध्ये नसतं. नुसता कागद असतो. अर्ध्या लिटरची रिकामी बाटली पर्समध्ये ठेवा आणि आत जाण्यापूर्वी बेसिनवर भरून घ्या.’

वहिनींनी मान हलवली. कंपाउंडरला म्हणाल्या, ‘त्या ओआरएसच्या पुड्या दहा नको, वीस द्या.’